रक्तपेढीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पडणारे प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

नागपुरात डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका किंवा पदवी, करणारे विद्यार्थी रक्तपेढीच्या पोस्टिंगला येतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात जवळजवळ सारखेच प्रश्न विचारतात. बाकीच्या प्रयोगशाळेत चुकलेला अहवाल पुन्हा काढता येतो. रक्तपेढीतून चुकीची पिशवी गेली आणि रुग्णाच्या शिरेत चढली, की ती परत काढता येत नाही. हा फरक मनात ठेवून पुढील उत्तरे लिहिली आहेत.

रक्तपेढी म्हणायचे की रक्तकेंद्र?

२०२० साली नियमांत दुरुस्ती झाल्यापासून परवान्यावर आणि सरकारी कागदांवर 'रक्तकेंद्र' हा शब्द आहे. बोलताना सगळे अजूनही रक्तपेढीच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. परीक्षेत मात्र नवा शब्द माहीत असावा.

रक्तगट तपासताना पेशी आणि सीरम असे दोन्ही बाजूंनी का तपासतात? एकदा पेशी तपासल्या की पुरे नाही का?

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांबद्दल जे मांडले, त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याच्या तांबड्या पेशींवर ए अँटिजेन (पेशीवरील गटाची खूण) नाही, त्याच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) अँटी-ए, म्हणजे त्या खुणेला पकडणारी अँटिबॉडी, असते, आणि ज्याच्या पेशींवर बी नाही, त्याच्या सीरममध्ये अँटी-बी असते. हा नियम एबीओ या पद्धतीपुरता आहे. आरएच किंवा केल या दुसऱ्या रक्तगट पद्धतींच्या अँटिबॉडी शरीरात आपोआप नसतात, त्या रक्त चढवल्यामुळे किंवा गर्भारपणामुळे तयार होतात. एबीओमध्ये निसर्गानेच दुहेरी नोंद ठेवलेली आहे, म्हणून त्या दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या. पेशींची तपासणी म्हणजे फॉरवर्ड ग्रुपिंग आणि गट माहीत असलेल्या पेशी वापरून सीरमची तपासणी म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंग. दोन्ही जुळले तरच गट लिहायचा. जुळले नाहीत तर गट न लिहिता कारण शोधायचे, कितीही घाई असली तरी.

नवजात बाळाच्या बाबतीत रिव्हर्स ग्रुपिंगला अर्थ नसतो, कारण साधारण चार महिन्यांपर्यंत बाळाच्या सीरममधील अँटिबॉडी आईकडून आलेल्या असतात. तिथे पेशींच्या तपासणीवरच भिस्त ठेवावी लागते, आणि म्हणूनच तिथे नमुन्याच्या ओळखीबद्दल दुप्पट काळजी घ्यावी.

अँटी-ए१ लेक्टिन म्हणजे काय?

ए गटात ए१ आणि ए२ असे उपगट आहेत. ए२ पेशींवर ए अँटिजेनची संख्या कमी असते, आणि काही ए२ किंवा ए२बी व्यक्तींच्या सीरममध्ये अँटी-ए१ सापडते; मग रिव्हर्समध्ये ए पेशींशी अनपेक्षित क्रिया, म्हणजे पेशींची गुठळी, दिसते आणि विद्यार्थी गोंधळतो. अशा वेळी लेक्टिनने पेशी ए१ आहेत की नाहीत ते ठरवतात. हे लेक्टिन डोलिकॉस बायफ्लोरस या वनस्पतीच्या बियांपासून मिळते, आणि ती वनस्पती म्हणजे आपला कुळीथ. ज्याचे पिठले आपण खातो, त्याच दाण्यातील एक प्रथिन ए१ पेशींना पकडते, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा विषयाबद्दलची माझी भीती बरीच कमी झाली होती.

मे महिन्यात रिव्हर्स ग्रुपिंग फिकी येते, ती आमची चूक असते का?

बहुतेक वेळा ती खोलीच्या तापमानाची चूक असते, आणि हा प्रश्न नागपूरच्या विद्यार्थ्यांनी विचारलाच पाहिजे. पुस्तकात 'रूम टेंपरेचर' असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ २० ते २४ अंश सेल्सिअस असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा जातो आणि वीज गेली किंवा एसी बंद पडला, की टेबलावरचे तापमान पुस्तकातले उरत नाही. अँटी-ए आणि अँटी-बी मुख्यतः आयजीएम या वर्गाच्या अँटिबॉडी असतात आणि त्या थंडाव्यात जास्त चांगली क्रिया करतात. तापलेल्या खोलीत, विशेषतः वृद्ध रुग्णांच्या सीरममध्ये मुळातच अँटिबॉडी कमी असताना, रिव्हर्समध्ये चार प्लसऐवजी (सर्वांत जोरदार गुठळीऐवजी) एखादे फिके प्लस दिसते किंवा काहीच दिसत नाही. अशा नळ्या थोडा वेळ खोलीच्या नियंत्रित तापमानात, आणि गरज पडल्यास ४ अंशांवर, योग्य नियंत्रणांसह ठेवून पुन्हा पाहाव्यात. ओ पेशी आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी अशी दोन नियंत्रणे सोबत हवीतच, नाहीतर थंडाव्यात उघड होणारी एखादी कोल्ड अँटिबॉडी एबीओची समजली जाते.

अँटिसेराच्या (गट ओळखायच्या तयार अँटिबॉडी द्रावणांच्या) बाटल्याही टेबलावर तासन्‌तास राहू नयेत. निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी काम झाले की फ्रिजमध्ये परत जायला हवे, आणि रोज सकाळी पहिला रुग्ण तपासण्याआधी माहीत असलेल्या पेशींवर त्यांची क्रिया पाहून नोंद करायला हवी.

फॉरवर्ड आणि रिव्हर्स जुळत नसेल तर नेमके काय करावे?

सर्वप्रथम नवीन नळ्या घेऊन, पेशी सलाईनने धुऊन, दोन ते पाच टक्क्यांचे सस्पेन्शन नव्याने तयार करून तपासणी पुन्हा करावी. यातील बरीच विसंगती तांत्रिक असते: थेंब टाकायचा राहिला, सेंट्रीफ्यूज जास्त फिरला, नळी जोरात हलवली. त्यानंतरही विसंगती राहिली तर रुग्णाचा इतिहास पाहावा. वय काय, अलीकडे रक्त चढवले आहे का, निदान काय, कोणती औषधे चालू आहेत.

मल्टिपल मायलोमासारख्या आजारात प्रथिने वाढलेली असतात आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. ही रोलो नावाची रचना उघड्या डोळ्यांना गुठळीसारखी दिसते. सीरम काढून त्या जागी सलाईन टाकले की रोलो सुटते आणि खरी गुठळी तशीच राहते. हे सूक्ष्मदर्शकाखाली एकदा स्वतः पाहावे. एकदा पाहिलेला विद्यार्थी ते पुन्हा विसरत नाही.

बॉम्बे रक्तगट म्हणजे काय आणि तो आपल्याकडे खरोखर सापडतो का?

सापडतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पहिले वर्णन केले, आणि म्हणूनच त्याला शहराचे नाव मिळाले. ए आणि बी अँटिजेन ज्या पायावर उभे राहतात, त्या पायाला एच अँटिजेन म्हणतात. काही व्यक्तींमध्ये एच तयारच होत नाही, त्यामुळे ए आणि बीची जनुके असूनही पेशींवर काहीच बसत नाही. फॉरवर्डमध्ये अशी व्यक्ती ओ दिसते. तिच्या सीरममध्ये अँटी-ए आणि अँटी-बी यांच्याबरोबर तीव्र अँटी-एच असते, आणि ओ गटाच्या पेशींवर एच सर्वाधिक असल्यामुळे ओ रक्तही तिच्यासाठी प्राणघातक ठरते. तिला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

म्हणून रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींची तिसरी नळी लावतात. ती नळी वाचवण्याचा मोह कुणालाही होऊ नये. ओ पेशींशी जोरदार गुठळी आली, की अँटी-एच लेक्टिनने पेशी तपासाव्यात आणि वरिष्ठांना लगेच कळवावे.

आरएच निगेटिव्ह आणि वीक डी यांत गोंधळ होतो. सोप्या शब्दांत सांगाल का?

भारतात शंभरात साधारण पाच लोक आरएच निगेटिव्ह असतात. डी अँटिजेन काहींच्या पेशींवर इतके कमी असते, की साध्या तपासणीत दिसत नाही आणि कूम्ब्स पद्धतीनेच (पुढचा प्रश्न पाहा) दिसते. तेच वीक डी. नियम दोन बाजूंनी वेगळा आहे. रक्तदाता वीक डी असेल तर त्याच्या पिशवीवर पॉझिटिव्ह असे लेबल लावायचे, कारण त्या थोड्याशा डीनेही निगेटिव्ह रुग्णाच्या शरीरात अँटी-डी तयार होऊ शकते. रुग्ण वीक डी असेल तर त्याला निगेटिव्ह रक्त देणे सुरक्षित मानतात. दोन्ही ठिकाणी पारडे सावधगिरीकडे झुकते, आणि हे कारण लक्षात राहिले की नियम पाठ करावा लागत नाही.

कूम्ब्स चाचणीत पेशी इतक्या वेळा धुवायला का लावतात?

कूम्ब्स, मोरांट आणि रेस यांनी १९४५ साली मांडलेल्या या चाचणीत आपण पेशींना चिकटलेले आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीचा आणखी एक वर्ग, शोधतो. अँटिह्यूमन ग्लोब्युलिन, म्हणजे एएचजी, त्या आयजीजीला पकडून दोन पेशींमध्ये पूल बांधते. पण सीरममध्येही मुक्त आयजीजी भरपूर असते. ते धुऊन गेले नाही तर एएचजी त्यातच खर्ची पडते, पेशींपर्यंत पोहोचत नाही आणि खरी पॉझिटिव्ह चाचणी निगेटिव्ह दिसते. रक्तपेढीत याहून धोकादायक चूक क्वचितच असेल.

हिशेब करून पाहा. नळीत ४ मिली सलाईन भरले, फिरवले, ओतून टाकले आणि तळाशी ०.१ मिली उरले, तर एका धुण्यात सीरम ४० पट विरळ झाले. तीन वेळा धुतले की ६४,००० पट. आता घाईत नळी अर्धीच, म्हणजे २ मिलीच भरली, तर एका वेळी २० पट आणि तीन वेळांनंतर फक्त ८,००० पट. धुण्याची संख्या तीच, पण फरक आठपट. म्हणून नळी पुरेशी भरावी, सलाईनच्या धारेने पेशींचे बटण पूर्ण मोकळे करावे, ओतताना एकाच झटक्यात ओतावे, आणि शेवटच्या धुण्यानंतर एएचजी ताबडतोब टाकावे, कारण थांबलो तर सैल बसलेले आयजीजी पेशींपासून सुटू लागते.

निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत आयजीजीने मढवलेल्या चेक सेल्स टाकून पुन्हा फिरवायचे. गुठळी आली तर एएचजी शाबूत होते आणि निगेटिव्ह उत्तर खरे आहे. गुठळी आली नाही तर चाचणी बाद, पहिल्यापासून करायची.

क्रॉसमॅच 'कंपॅटिबल' आले म्हणजे रक्त पूर्ण सुरक्षित आहे असे समजावे का?

तसे समजू नये. क्रॉसमॅच म्हणजे रक्त देण्याआधी घेतलेली जुळणीची चाचणी. मेजर क्रॉसमॅचमध्ये रुग्णाचे सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र येतात. एबीओची मोठी चूक आणि रुग्णाच्या सीरममधील महत्त्वाच्या अँटिबॉडी त्यात सापडतात. मात्र रुग्णाच्या पूर्वीच्या अँटिबॉडीचे प्रमाण आज मोजता येण्याइतके नसेल तर ती निसटते, दात्याच्या रक्तातील जंतू किंवा विषाणू यांच्याशी क्रॉसमॅचचा संबंधच नसतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुनाच दुसऱ्या रुग्णाचा असेल तर क्रॉसमॅच अगदी सुंदर जुळते, ते त्या दुसऱ्या रुग्णाशी.

नळीवरच्या नावाबद्दल एवढी कडक शिस्त का?

वरच्या उत्तराचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याच्या घटनांमागे अभिकर्मकाचा दोष क्वचित असतो. बहुधा नाव, बेड किंवा नळी यांची अदलाबदल असते.

मी उमेदवारीत असताना एका रुग्णालयात घडलेला प्रसंग सांगतो. रात्रीच्या पाळीत शस्त्रक्रियेनंतरच्या एका बाईंसाठी मागणीपत्र आणि नळी आली. नाव, वय, वॉर्ड, नोंदणी क्रमांक, सगळे अक्षरन्‌ अक्षर जुळत होते. गट ओ पॉझिटिव्ह आला, फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही स्वच्छ. जुन्या रजिस्टरमध्ये पाहिले तर चार महिन्यांपूर्वी त्याच नोंदणी क्रमांकावर बी पॉझिटिव्ह लिहिलेले होते. माझ्या वरिष्ठांनी एकही पिशवी न देता दुसरा नमुना मागवला, आणि तो बी पॉझिटिव्ह आला. चौकशीत कळले, की दोन रुग्णांचे रक्त बेडजवळ काढून नळ्या खिशात ठेवल्या होत्या आणि नावे नंतर नर्सिंग टेबलावर लिहिली होती. मी सुटकेचा श्वास टाकत होतो, तेवढ्यात वरिष्ठ म्हणाले, "आता दुसरी नळी शोध." कारण या बाईंना ओ रक्त गेले असते तर फारसे बिघडले नसते, पण जिचे खरे रक्त ओ होते, तिच्या नावाने बी गटाची नळी आमच्याच रॅकमध्ये उभी होती आणि तिच्यासाठी बी पिशवी राखून ठेवली गेली होती. अदलाबदल नेहमी जोडीने होते. एक सापडली की तिची जोडीदार शोधल्याशिवाय काम संपत नाही.

त्यामुळे लेबल रुग्णाच्या बेडजवळच, रुग्णाला स्वतःचे पूर्ण नाव सांगायला लावून, नळी भरल्यावर लावावे. 'तुम्ही अमुक ताई ना?' असे विचारू नये, कारण गुंगीतला रुग्ण कशालाही हो म्हणतो. मागणीपत्र आणि नळी यांत एका अक्षराचाही फरक असेल तर नमुना परत पाठवावा, आणि जुनी नोंद नसलेल्या रुग्णाचा गट स्वतंत्रपणे घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर पक्का करावा. वॉर्डातून रागावून फोन येतील. ते शांतपणे ऐकून घ्यावेत आणि नमुना तरीही पुन्हा मागवावा.

रक्तदात्याचे निकष कोणते?

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम. ४५० मिली घ्यायचे असेल तर वजन ५५ किलोंच्या वर हवे, अन्यथा ३५० मिली. दोन रक्तदानांमधील अंतर पुरुषांसाठी ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवस आहे. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे.

शिबिरातील कॉपर सल्फेटबद्दल एक सूचना द्यावीशी वाटते. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या द्रावणात रक्ताचा थेंब पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक समजतात. उन्हाळ्यातील शिबिरात मांडवाखाली बाटली उघडी राहिली तर पाणी उडते, द्रावण दाट होते आणि चांगले हिमोग्लोबिन असलेल्या दात्याचाही थेंब तरंगतो. मग निरोगी माणूस 'रक्त कमी आहे' असे ऐकून घरी जातो आणि पुन्हा शिबिराकडे फिरकत नाही. बाटलीला बूच लावावे आणि साधारण २५ दात्यांनंतर द्रावण बदलावे.

एका पिशवीचे भाग का करतात आणि ते कुठे ठेवतात?

कारण रुग्णाला बहुधा एकच भाग हवा असतो. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ठेवतात. सीपीडीए-१ या गोठणरोधक द्रावणात त्या ३५ दिवस आणि एसएजीएम हे पोषक द्रावण घातल्यास ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या यंत्रावर पाच दिवस राहतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली वर्षभर राहतो. ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली सीपीडीए-१ असते, म्हणजे १०० मिली रक्ताला १४ मिली. पिशवी कमी भरली तर त्यातील सायट्रेटचे (गोठू न देणाऱ्या घटकाचे) प्रमाण बिघडते, म्हणून गोळा करताना वजन पाहायचे.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण जास्त आहेत. रक्तपेढीच्या कामात त्याने काय फरक पडतो?

पुष्कळ फरक पडतो, आणि मला वाटते की आपल्या भागातील विद्यार्थ्याने हा भाग सर्वांत मन लावून शिकावा. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी आणि इतर रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा इथून, तसेच सीमेपलीकडच्या बालाघाट आणि छिंदवाडा इथून रुग्ण येतात. यांतील अनेक मुलांना आयुष्यात पुन्हा पुन्हा रक्त लागते. प्रत्येक पिशवीबरोबर रुग्णाला परके अँटिजेन भेटतात आणि कधीतरी त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. म्हणून शक्य असेल तिथे पहिले रक्त चढवण्याआधीच रुग्णाचे सी, ई आणि केल यांसह विस्तृत फिनोटाइप (पेशींवर कोणते अँटिजेन आहेत त्याची तपासणी) करून ठेवावे आणि निदान तेवढे तरी जुळणारे रक्त द्यावे. एकदा परके रक्त चढले की मिश्र पेशींमुळे फिनोटाइप नीट करता येत नाही.

अशा रुग्णाला रक्त चढवल्यानंतर काही दिवसांनी हिमोग्लोबिन अचानक घसरले आणि अंगदुखी वाढली, तर ते सिकल क्रायसिस (आजाराचाच वेदनेचा झटका) समजून सोडून देऊ नये. उशिरा होणारे हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणे, असू शकते. डायरेक्ट कूम्ब्स (रुग्णाच्या पेशींना आधीच चिकटलेल्या अँटिबॉडीची चाचणी) आणि अँटिबॉडी स्क्रीन (सीरममधील अँटिबॉडीचा शोध) करावी. हिमोग्लोबिन १० च्या वर ढकलण्याचा आग्रहही चुकीचा, कारण सिकल पेशी असताना रक्त घट्ट होते.

दुसरी बाजू दात्याची. आपल्याकडे एएस म्हणजे सिकलसेलचे वाहक असलेले, तब्येतीने धडधाकट दाते शिबिरात येतात. त्यांचे रक्त बहुतेक रुग्णांना चालते, पण ल्युकोफिल्टरमधून (पांढऱ्या पेशी काढणाऱ्या गाळणीतून) ते अनेकदा नीट गाळले जात नाही, आणि नवजात बाळाच्या एक्सचेंजसाठी (बाळाचे रक्त बदलण्यासाठी) किंवा सिकलसेलच्या रुग्णासाठी ते देऊ नये. त्या पिशव्यांची सिकल हिमोग्लोबिन ओळखणारी सॉल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी. जरीपटक्यातील सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. त्या मुलांनाही दर काही आठवड्यांनी रक्त लागते आणि फिनोटाइपचा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे.

रक्त चढवताना प्रतिक्रिया आली असा वॉर्डातून फोन आला, तर विद्यार्थ्याने काय करावे?

रक्त ताबडतोब थांबवा, शीर सलाईनवर चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा आणि पिशवी सेटसकट परत पाठवा, हे चार शब्द फोनवरच सांगावेत. सोबत ईडीटीए (न गोठणारा) आणि साधा (गोठणारा) असे दोन नवे नमुने आणि पहिली लघवी मागवावी. हाती आल्यावर प्रथम कागद ताडावेत: नाव, गट, पिशवीचा क्रमांक. मग नवा नमुना फिरवून जुन्या नमुन्याशेजारी उजेडात धरावा. प्लाझ्मा गुलाबी किंवा लाल दिसला तर वेळ न घालवता वरिष्ठांना हाक मारावी. त्यानंतर डायरेक्ट कूम्ब्स, आणि दोन्ही नमुन्यांचा व पिशवीचा गट पुन्हा. याचसाठी रुग्णाचा नमुना आणि पिशवीचा सेगमेंट (रक्त भरलेला नळीचा तुकडा) रक्त चढल्यानंतर सात दिवस फ्रिजमध्ये जपून ठेवतात. देशपातळीवर अशा घटनांची नोंद हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमात होते; तो १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला. नोंद पाठवण्यात कमीपणा मानू नये.

वॉर्डात नेलेली पिशवी वापरली नाही म्हणून परत आली, तर ती पुन्हा साठ्यात घेता येते का?

नियंत्रित तापमानाबाहेर तीस मिनिटांहून अधिक राहिली असेल, तर घेऊ नये. पिशवी उघडली असेल, टोचली असेल, किंवा तापमानाबद्दल सांगणारे कुणी नसेल, तरीही घेऊ नये. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तर अर्धा तासही फार वाटतो; मेडिकलच्या एका इमारतीतून दुसरीत उन्हातून हातात पिशवी घेऊन चालत गेलेल्या नातेवाइकाला विचारून पाहावे. म्हणून पिशवी नेहमी बर्फाच्या पॅकसह, पण बर्फाला थेट न टेकवता, बंद डब्यातून द्यावी, निघाल्याची वेळ पिशवीसोबतच्या चिठ्ठीवर लिहावी, आणि परत आली की ती वेळ पाहूनच पिशवीला हात लावावा.